खाडीकाठचा गंज आणि जुनी सायकल

ठाण्यात जिन्याखाली पडून असलेली सायकल फक्त पावसाळ्यात गंजते असं नाही. जानेवारीतल्या कोरड्या दुपारीही तिचं गंजणं चालूच असतं. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात, आणि समुद्राचं मीठ म्हणजे नुसतं खायचं मीठ नव्हे, त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. साध्या मिठाला हवेतलं पाणी ओढून विरघळायला 75 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. मॅग्नेशियम क्लोराइडला 33 टक्के पुरतात, आणि इतकी आर्द्रता आपल्याकडे जवळपास बाराही महिने असते. लोखंडावर खारट पाण्याचा न दिसणारा पातळ थर राहतो आणि गंजाची रासायनिक क्रिया थांबत नाही.

म्हणून जुनी सायकल हाती आली की लगेच तेल सोडायचं नाही. आधी साध्या पाण्यानं नीट धुवायची, कापडानं पुसायची, उन्हात वाळवायची. मिठावर तेल चोपडलं तर मीठ आत तसंच राहतं.

आपल्याकडे सापडणाऱ्या जुन्या सायकली बहुतेक ब्रिटिश वळणाच्या: 28 इंची चाकं, सळ्यांचे ब्रेक, पुढं 32 आणि मागं 40 तारा. काही थेट इंग्लंडहून आलेल्या, बाकीच्या इथल्याच. मद्रासजवळच्या टीआय सायकल्सची स्थापना 1949 सालची, सोनीपतच्या अ‍ॅटलसची 1951ची. बाहेरून सगळ्या सारख्या दिसल्या तरी सुटे भाग आणताना फसगत होते. बहुतेक ब्रिटिश सायकलींच्या मधल्या कपाला, म्हणजे पायडलच्या आसाचे छर्रे धरणाऱ्या वाटीला, इंचाला 24 आटे, रॅले या इंग्लिश कंपनीनं मात्र स्वतःचे 26 ठेवले. 24चा कप रॅलेत जोर लावून फिरवला की फ्रेमचे आटे गेलेच.

उघडताना सगळ्यात जास्त छळते ती कॉटर पिन, क्रँक (पायडलचा दांडा) आसावर घट्ट धरून ठेवणारी निमुळती खिळी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. भोकात गंज धरला की तो फुगतो आणि कॉटर दाबून जाम करतो. सीटची दांडी फ्रेममध्ये अडकून बसते, तीही याच कारणानं. इथं थेट हातोडा उचलू नये. ठोका कॉटरवर बसला तरी त्याचा धक्का आसातून छऱ्यांपर्यंत जातो आणि छर्रे कपात खड्डे पाडतात. मग पायडल मारताना आयुष्यभर कटकट. गंज सोडवणारं तेल दोन-तीन दिवस मुरू द्यावं. क्रँकखाली बरोबर मापाचा पाइप जमिनीला टेकवून उभा करावा, नट आट्यांच्या टोकाशी येईल इतकाच सैल ठेवावा आणि एकच जोरदार ठोका द्यावा. आता तो धक्का पाइपमधून जमिनीत जातो. परत बसवताना कॉटरच्या चपट्या बाजूकडे लक्ष हवं. ती एकीकडे उलटी बसली तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत.

रिम आणि हँडलवरचा क्रोम फार पातळ असतो, मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अंशात मोजण्याइतका. खरं संरक्षण त्याच्याखालच्या निकेलचं. पण निकेल काय, क्रोम काय, दोघांनाही गंजण्याची घाई लोखंडापेक्षा कमी. कुठं टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलं की सगळा मार तिथल्या उघड्या लोखंडावर येतो आणि गंज खोल जातो. जस्ताचं उलट आहे. जस्त चढवलेल्या तारांवर ओरखडा पडला तर आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. म्हणून करड्या पडलेल्या तारा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करणं मला मुळीच पटत नाही. तेवढ्यासाठी तारेचं कवच जातं.

क्रोमवरचा गंज काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड उत्तम, फरशी पॉलिशवाले वापरतात तेच. पाण्यात दोन-तीन टक्के पुरे. चिंचेनं तांब्याचं भांडं उजळतं तसंच काहीसं इथं होतं: आम्ल गंजाला विरघळवून पाण्यात घेतं, खालच्या धातूला फारसा हात लावत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग मात्र त्यात घालू नयेत. टब सावलीत ठेवावा. गंजातून तयार झालेलं फेरिक ऑक्झॅलेट उजेडात मोडतं आणि पिवळा, न विरघळणारा थर भागावर चिकटतो. अ‍ॅसिड विषारी आहे, हातमोजे हवेतच, मुलं आसपास नकोत. भाग बाहेर काढला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून धुवायचा, पुसायचा आणि लगेच तेल लावायचं. आपल्या दमट हवेत उघडं लोखंड बघता बघता तांबूस होतं.

रंगाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. काळ्या रंगावरची हातानं ओढलेली सोनेरी रेघ थोडी जरी शिल्लक असेल तर फ्रेम घासू नये. पुसून मेण लावावं, बास. मूळ रंग एकदाच असतो. रंग पार गेला असेल तरच पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाची पूड भट्टीत भाजून बसवण्याचा, विचार करावा. भट्टीतल्या 200 अंशांनी फ्रेमच्या पितळी जोडांना काही होत नाही, ते वितळायला 900च्या आसपास लागतात. आटे आणि कपाच्या जागा मात्र झाकून घ्यायला सांगा, नाहीतर कप आत शिरत नाही.

सायकल वापरायची असेल तर एक बदल जरूर करावा. पुढच्या दातेरी चक्राला 48 दात आणि मागच्याला 18 असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 5.9 मीटर जाते. तलावपाळीला चक्कर मारायला छान, उपवनहून येऊरचा चढ चढायला मात्र फार जड. मागं 22 दातांचं फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) बसवलं की अंतर 4.8 मीटरपर्यंत येतं आणि पायाचा जोर 18 टक्क्यांनी कमी लागतो. फ्रेमला काही कापायचं नाही, जुनं फ्रीव्हील डब्यात जपून ठेवता येतं. चार दात वाढल्यामुळे चेन साधारण इंचभर अपुरी पडते. चाक मागच्या खाचेत पुढं सरकवून भागलं नाही तर त्याच मापाच्या चेनचा एक जोड वाढवून घ्यावा.