टांझानियातील प्रौढ साक्षरता मोहीम

पूर्व आफ्रिकेतील टांझानियाच्या सरकारने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत राबवलेली मोहीम. परदेशी मदतीने चाललेल्या साक्षरता मोहिमांमध्ये हिचे नाव आवर्जून घेतले जाते. स्वावलंबनाची शपथ घेतलेल्या देशाने वाचनाचे धडे मात्र परक्याने पुरवलेल्या कागदावर छापले. पुढे दुखणे निघाले ते इथेच.

राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे पेशाने शिक्षक. लोक त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी म्हणत. मुले शिकून हाताशी येईपर्यंत देशाला थांबता येणार नाही, तेव्हा आधी मोठ्या माणसांना शिकवा, अशी भूमिका त्यांनी १९६४ मध्ये पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी मांडली होती. १९६७ च्या जनगणनेत सुमारे दोन-तृतीयांश प्रौढ निरक्षर आढळले. त्याच वर्षीच्या अरुशा जाहीरनाम्याने (समाजवाद आणि स्वावलंबन हे देशाचे धोरण ठरवणाऱ्या) परदेशी पैशावर विसंबणे धोक्याचे आहे असे बजावले होते. वर्षभरातच परदेशी मदतीचा साक्षरता प्रकल्प देशात सुरू झाला.

निरक्षरता निर्मूलनावरच्या १९६५ च्या तेहरान परिषदेनंतर युनेस्कोने प्रायोगिक जागतिक साक्षरता कार्यक्रम आखला आणि त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने पैसा दिला. निवडलेल्या ११ देशांत टांझानियाबरोबर भारतही होता. आपल्याकडे हा प्रयोग सुधारित बियाणे वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वर्गांशी जोडला गेला. टांझानियात १९६८ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातले म्वान्झा, मारा, शिन्यांगा आणि पश्चिम सरोवर (आताचा कागेरा) हे प्रांत निवडले गेले. अक्षरओळख माणसाच्या कामातूनच व्हावी, हे तत्त्व होते. त्यामुळे वाचनपाठ कापूस, केळी, मासेमारी, गुरे अशा विषयांवर बेतले गेले. अशा साक्षरता वर्गाला स्वाहिलीत ‘किसोमो’ म्हणत. पाठ स्वाहिलीतच असत. सरोवराकाठी घराघरांत मात्र सुकुमा, हाया या भाषा बोलल्या जात. त्यामुळे अनेकांना अक्षर आणि राष्ट्रभाषा दोन्ही एकदमच गिरवावे लागले. राष्ट्रबांधणीच्या दृष्टीने सरकारला तेच हवे होते.

१९७० हे प्रौढशिक्षण वर्ष म्हणून जाहीर झाले. माफिया आणि उकेरेवे या बेटांसह सहा जिल्हे आधी संपूर्ण साक्षर करण्याचे ठरले. १९७१ मध्ये सत्ताधारी टानू पक्षाने देशभरासाठी १९७५ अखेरची मुदत घातली. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक होते. प्राथमिक शिक्षक, नुकतीच सातवी झालेली मुले, पक्षाचे कार्यकर्ते नाममात्र मानधनावर वर्ग घेत. शिकणाऱ्यांत स्त्रिया अधिक. पक्षाची यंत्रणा पाठीशी असल्याने उपस्थितीसाठी काही ठिकाणी सक्तीही झाली. याच काळात लोकांना नव्या उजामा गावांत (सामूहिक जीवनाच्या कल्पनेवर वसवलेल्या वस्त्यांत) हलवले जात होते, आणि तेही नेहमी राजीखुशीने होत नव्हते.

रेडिओवरचा प्रयोग या सगळ्यात सर्वांत उजवा म्हणावा लागेल. १९७३ च्या ‘म्तू नी आफ्या’ (माणूस म्हणजेच आरोग्य) या मोहिमेत सुमारे ७५,००० गटप्रमुख तयार झाले आणि जवळपास २० लाख लोक रेडिओभोवती जमून हिवताप, पाणी, शौचालय यांवर चर्चा करू लागले. नुसते बोलून न थांबता त्यांनी शौचखड्डेही खणले.

ऑगस्ट १९७५ मध्ये देशभर परीक्षा झाली. तिच्या चार पायऱ्या होत्या. तिसरी ओलांडणारा साक्षर धरला जाई, चौथी म्हणजे वर्तमानपत्र वाचून ते ज्ञान व्यवहारात वापरण्याइतकी तयारी. सरकारी आकड्यांप्रमाणे निरक्षरता १९७५ मध्ये ३९ टक्क्यांवर, तर १९८६ मध्ये ९.६ टक्क्यांवर आली. हे आकडे १९६७ शी ताडून पाहताना जपून राहावे. जनगणनेतला प्रश्न आणि लेखी परीक्षा या वेगवेगळ्या मोजपट्ट्या आहेत.

१९७० च्या दशकात मदतीचा मोठा भार स्वीडनने उचलला. छपाईचा कागद, वाहने, प्रशिक्षण यांसाठी स्वीडनच्या विकास संस्थेचा पैसा येई. नवसाक्षर पुन्हा अक्षरशत्रू होऊ नयेत म्हणून ग्रामीण वाचनालये निघाली. ‘एलिमू हैना म्विशो’ (शिक्षणाला अंत नाही) हे साधे वर्तमानपत्र निघाले. खेड्यात दुसरे छापील काही पोचतच नसे, म्हणून त्याचे मोल मोठे होते.

तेलाचे भाव, १९७८-७९ चे युगांडाशी युद्ध आणि १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी झालेला खर्चकपातीचा करार यांत सरकारच्या हातचा पैसा आटला. वर्ग ओस पडले, वाचनालयांत नवे पुस्तक येईना. शालेय शुल्क परत लागू झाल्याने मुलांची शाळाही सुटू लागली, म्हणजे निरक्षरांची नवी पिढी तयार होत होती. २००२ च्या जनगणनेत सुमारे ३० टक्के प्रौढ निरक्षर निघाले.

स्वीडनमधल्या प्रौढांसाठीच्या लोकविद्यालयांच्या धर्तीवर १९७५ पासून उभी राहिलेली पन्नासहून अधिक लोकविकास महाविद्यालये मात्र टिकली. आता तिथे प्रौढांपेक्षा तरुणच जास्त दिसतात, आणि ते सुतारकाम, शिवणकाम, मोटारदुरुस्ती शिकतात.