‘पुट ऑफ’ की ‘कॉल ऑफ’? पत्र तपासायला देण्यापूर्वी

आमच्याकडे इंग्रजी पत्रव्यवहार तपासण्यासाठी देणारे ग्राहक ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ यांविषयी वारंवार विचारणा करतात, आणि या दोहोंच्या गफलतीमुळे कामही अडून राहते, म्हणून ही माहिती देत आहोत.

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे आणि ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे, हे बहुतेकांना ठाऊक असते. चूक होते ती घाईत लिहिताना. बैठक पुढे ढकलून सोमवारी घ्यायची असूनही ‘द मीटिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ’ असे लिहिले गेले, तर वाचणारा बैठक होणारच नाही असे समजतो, राखून ठेवलेली जागा सोडून देतो आणि सोमवारी दुसरे काम घेतो. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असल्यामुळे संगणकावरील तपासणीत ही चूक सापडत नाही. म्हणूनच असे वाक्य आले की आम्ही ‘नवी तारीख ठरली आहे का?’ असे कळवून उत्तराची वाट पाहतो. काहींना हा प्रश्न अनावश्यक वाटतो. परंतु आपल्या मनातला अर्थ आम्ही अंदाजाने ठरवावा, हे आम्हाला पटत नाही.

रचनेत सर्वनाम नेहमी मध्ये येते: ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक. पुढे क्रियापद आल्यास ‘पुट ऑफ सायनिंग’ असे लिहावे, ‘पुट ऑफ टु साइन’ असे नव्हे. भूतकाळातही ‘पुट’ हेच रूप राहते. व्यक्तीविषयी लिहिताना मात्र विशेष जपावे, कारण ‘द डिले पुट अस ऑफ’ याचा अर्थ विलंबामुळे आमचे मन उडाले, असाही होतो.

करार व औपचारिक सूचनांमध्ये आम्ही या जागी ‘पोस्टपोन’ किंवा ‘कॅन्सल’ घालतो. ईमेलमध्ये ‘पुट ऑफ’ सहज शोभते व तिथे आम्ही ते बदलत नाही. करारात मात्र एकाच अर्थाचा शब्द असलेला बरा.

पत्रासोबत आपल्याला काय कळवायचे आहे ते मराठीत दोन ओळींत, नव्या तारखेसह लिहून पाठवल्यास आम्हाला विचारणा करावी लागत नाही आणि पत्र लवकर परत मिळते. इंग्रजी मसुदा तयार नसला तरी चालेल. त्या दोन ओळींवरून पत्र आम्ही लिहून देऊ.