उजेड साठवायचा कुठे? जुन्या जपानी सोलर घड्याळांची पार्श्वभूमी

साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास घड्याळ दुरुस्तीची जी दोन-चार जुनी दुकानं अजून तग धरून आहेत, त्यांच्या काउंटरखाली एक तरी डबा बंद मालाचा असतो. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत पट्टे निघालेली घड्याळं. गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेलं आणि परत फिरकलंच नाही, असा माल. हल्ली हे डबे उपसणारी काही मंडळी दिसतात. डायलवर ती बारीक अक्षरं शोधतात: ‘इको-ड्राइव्ह’, ‘सोलर’, ‘टफ सोलर’. सापडलं की चेहरा कोरा ठेवायचा आणि सहज विचारल्यासारखी किंमत विचारायची. माझं पहिलं सिटिझन असंच साडेतीनशेला आलं. दुकानदार म्हणाला, “मशीन गेलंय, शोभेला ठेवा.” गच्चीच्या कठड्यावर दोन सकाळी उन्हात ठेवल्यावर ते चालू झालं.

चांगलं मशीन मेलेलं ठरून डब्यात का जातं, हे समजायचं तर थोडं मागं जावं लागतं.

२५ डिसेंबर १९६९ ला सेइकोने टोकियोत ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर आणि स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं, मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाच्या एका छोट्या मोटारीइतकी. क्वार्ट्झमुळे चावी देणं संपलं, पण सेल बदलणं सुरू झालं. सिलिकॉनचा सोलर सेल अमेरिकेतल्या बेल लॅबने १९५४ मध्येच तयार केला होता, तेव्हा दोन्ही जोडायची कल्पना कुणाला तरी सुचणारच. अमेरिकेत रॉजर रील यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सिंक्रोनार’ हे आकड्यांचं सोलर घड्याळ केलं. काटे असलेलं उजेडावरचं क्वार्ट्झ घड्याळ सिटिझनने १९७६ मध्ये काढलं. त्याचं नाव ‘क्रिस्ट्रॉन सोलर सेल’. डायलवरच काळ्या-निळसर चकत्या बसवलेल्या. दिसायला घड्याळ कमी आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला प्रकल्प जास्त.

उजेड पकडणं ही अडचण कधीच नव्हती. क्वार्ट्झ घड्याळ इतकी कमी वीज खातं, की खोलीतल्या ट्यूबलाइटवरही त्याचं भागतं. पकडलेलं ठेवायचं कुठे, हा खरा पेच. आपल्याला हे समजावून सांगायला नको. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण-खटावात जेमतेम पाचशे. कोयनेचा पाऊस कामाला आला तो तिथे १०५ टीएमसीची भिंत उभी राहिली म्हणून. सोलर घड्याळातली भिंत म्हणजे आतला चार्ज होणारा सेल, आणि या घड्याळांचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे ती भिंत उंच होत गेल्याचा इतिहास.

पहिल्या पिढीतली ही साठवण फारच तोकडी होती. सिटिझनच्या १९८६ च्या सोलर घड्याळाला पूर्ण चार्जवर आठ दिवस मिळायचे, तीही तेव्हा मोठी मजल. कपाटात पंधरवडाभर राहिलं की घड्याळ थांबलं. सेइकोने १९८८ मध्ये मनगटाच्या हालचालीवर वीज तयार करणारी घड्याळं आणली, पुढे ती ‘कायनेटिक’ नावाने ओळखली गेली. ती सोलर नव्हेत, पण त्यांचंही दुखणं तेच: आतला वीज साठवणारा कपॅसिटर काही वर्षांत थकायचा. जुन्या डब्यात ही दोन्ही भावंडं शेजारी-शेजारी सापडतात. नवखा माणूस कायनेटिक उन्हात ठेवून वाट पाहत बसतो. मी बसलोय.

१९९५ मध्ये सिटिझनने ‘इको-ड्राइव्ह’ आणलं आणि दोन गोष्टी बदलल्या. सोलर सेल डायलच्या खाली गेला, उजेड डायलमधून झिरपून आत जाऊ लागला, आणि घड्याळ परत घड्याळासारखं दिसायला लागलं. आणि साठवणीला लिथियम-आयन सेल आला, पूर्ण चार्जवर सुमारे सहा महिने चालणारा. म्हणजे आपला अख्खा पावसाळा अंधाऱ्या कपाटात काढूनही दसऱ्याला घड्याळ चालू. पुढच्याच वर्षी त्याला जपानचं ‘इको मार्क’ हे पर्यावरणस्नेही वस्तूचं चिन्ह मिळालं. सेइकोच्या नंतरच्या ‘व्ही१५८’ सारख्या मशीनला पूर्ण चार्जवर दहा महिने मिळतात. कॅसिओने जी-शॉकला सोलर सेल बसवला तो १९९८ मध्ये, ‘रेजमन’ या मॉडेलला.

जुन्या फिकट डायलचं इको-ड्राइव्ह तिरकं धरून पाहा. डायलच्या आत अधिकच्या चिन्हासारखी पुसट फुली दिसते. एका सोलर सेलचा दाब साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास, तेवढ्यावर मशीन चालत नाही, म्हणून चकतीचे चार तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. काहींना ती फुली खटकते. मला ती नसली तर चुकल्यासारखं वाटतं.

सिटिझन हे नाव साताऱ्याला नवं नाही, फक्त ते आपण वेगळ्या नावाने वापरत होतो. बंगळुरूला एचएमटीची घड्याळं १९६१ मध्ये सुरू झाली ती सिटिझनच्याच तंत्रसाहाय्याने. जावयाला घड्याळ द्यायचं तर एचएमटी. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात सुट्टीवर आलेल्या फौजीच्या हातात एचएमटी. एचएमटीच्या ‘जनता’ला रोज सकाळी चावी देणारे आजोबा आणि इको-ड्राइव्ह खिडकीत ठेवणारा नातू, दोघांच्या मनगटावर एकाच जपानी घराण्याचं रक्त आहे. सरकारने एचएमटी घड्याळांचा कारखाना बंद करायला जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली, आणि त्यानंतर जुनी घड्याळं जमवण्याचा नाद वाढला, असं माझं निरीक्षण आहे. एचएमटीचे भाव चढले, मुंबईत रंगवलेल्या नकली डायलचा सुळसुळाट झाला, तशी काही मंडळी सोलरकडे वळली. सोलर घड्याळाचं डायल कुणी सहसा रंगवत नाही. जाड रंग दिला तर उजेडच आत जाणार नाही.

हा माल येतो कुठून? थोडा आखातातून परतलेल्यांच्या बॅगांतून, थोडा मुंबईच्या जुन्या बाजारातून, आणि हल्ली बराचसा थेट जपानमधून. तिकडे न चालणाऱ्या वस्तू ‘जंक’ म्हणून ढिगाने विकतात. घड्याळ कुठे फिरून आलं हे वाराची चकती सांगते. इंग्रजीच्या जोडीला जपानी अक्षरं असतील तर ते जपानच्या बाजारासाठी बनलेलं, अरबी असतील तर आखातासाठी, स्पॅनिश असेल तर अमेरिकेकडचं. विक्रेता काहीही सांगो, आपण चावी ओढून वार फिरवून बघावा.

जपानी बाजारातल्या बऱ्याच घड्याळांत रेडिओही असतो. फुकुशिमातल्या ओताकादोया डोंगरावरून १९९९ पासून ४० किलोहर्ट्झवर आणि क्यूशूतल्या हागाने डोंगरावरून २००१ पासून ६० किलोहर्ट्झवर अचूक वेळ प्रसारित होते. ते संकेत हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत पोचतात, साताऱ्यापर्यंत नाहीत. त्यामुळे घड्याळ साडेतीन तास पुढची टोकियोची वेळ दाखवत बसतं आणि मालक ‘पुढे पळतंय’ म्हणून विकून टाकतो. मॉडेलमध्ये शहर बदलायची सोय असेल तर दिल्ली निवडायची, काम संपलं.

अशा गैरसमजांवरच हा छंद स्वस्तात चालतो. चार्ज कमी झाला की सिटिझनचा सेकंद काटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो. ती सूचना आहे, पण गिऱ्हाईकाला बिघाड वाटतो. पूर्ण थांबलेलं घड्याळ उन्हाने जागं झालं तरी काही मॉडेलांत काटा अडखळतच चालतो, कारण ‘आधी वेळ लावा’ असं त्याला सांगायचं असतं. चावी ओढून वेळ लावली की चाल सरळ होते. सोलर कॅसिओ अंधारात पडून राहिलं की वीज वाचवायला पडदाच कोरा करतं. हे सगळं लिहिलेली पुस्तिका खोक्याबरोबर केव्हाच रद्दीत गेलेली असते.

खरोखर थकलेला सेल मात्र बदलावाच लागतो, आणि इथे माझे हात पोळलेत. एका दुकानात (साताऱ्यातच, नाव कशाला) माझ्या सेइकोत चार्ज होणाऱ्या सेलच्या जागी त्याच आकाराचा साधा सिल्व्हर ऑक्साइड सेल बसवला गेला. वर्षभर छान चाललं. पण साधा सेल चार्ज करून घ्यायला बनलेलाच नसतो, वरून सोलर त्यात वीज ढकलत राहिलं. शेवटी तो पाझरला आणि मशीनवर हिरवट थर चढला. तेव्हापासून मागचं झाकण उघडलं की मी आधी सेलवरचा नंबर वाचून घेतो. ‘एमटी ६२१’ किंवा ‘सीटीएल १६१६’ असं काही असेल तर तोच नंबर मागवायचा. बऱ्याच सेलवर धातूची पट्टी वेल्ड केलेली असते. नुसता सेल आणला तर जुनी पट्टी त्यावर नीट बसत नाही.

चार्ज करताना ऊन सकाळचं कोवळं हवं. एप्रिलमध्ये दुपारी गच्चीच्या फरशीवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं घड्याळ चार्ज होण्याआधी शेकून निघतं, आणि लिथियमच्या सेलला उष्णता मानवत नाही.

परवा त्या पहिल्या दुकानात गेलो, तर काउंटरखाली दोन डबे. एकावर स्केचपेनने ‘सोलर’ लिहिलेलं. “तुम्ही लोक काय शोधता ते कळलं आता,” दुकानदार म्हणाला. साडेतीनशेचं घड्याळ त्याने अठराशेला सांगितलं, आणि ते चालू होतं. काउंटरच्या काचेवर, उन्हाच्या बाजूला ठेवलेलं.