घोडी आणि खच्ची घोडा एका दांडीला: जुन्या नियमामागची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या कोणत्याही गोठ्यात गेलात तर नराला तीन नावं ऐकू येतील: तरणा तो खोंड, पैदाशीचा तो वळू, ठेचलेला किंवा चिमट्याने खच्ची केलेला तो बैल. गाडीला, नांगराला बैल, गायीसाठी वळू. त्यात कुणाचा गोंधळ होत नाही. घोड्याच्या बाबतीत मात्र भाषेने हात आखडता घेतला. खच्ची असो वा नसो, बोलण्यात दोन्ही ‘घोडा’च. त्यामुळे ‘घोडा-घोडी एका गाडीला जुंपू नये’ हा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेलेला नियम नेमका कोणत्या घोड्याबद्दल आहे, हे मागे पडलं. तो अंडील, म्हणजे खच्ची न केलेल्या, घोड्याबद्दल होता. लावला जातो तो सगळ्यांना.

मोगलांच्या कारभारात खच्ची घोड्यासाठी फारसीतला ‘अख्ता’ हा शब्द होता आणि अशा घोड्यांवर अख्ताबेगी नावाचा अधिकारी असे. आपल्याकडे अंडील घोडा म्हणजे रुबाब, तेज आणि विकताना चार पैसे जास्त. खच्ची केला की त्याचं पाणी उतरतं ही समजूत खोलवर रुजलेली, ‘खच्चीकरण’ हा शब्द आजही ज्या अर्थाने वापरतो तो पाहिला तरी कळेल. अंडील घोडे आणि घोड्या जवळजवळ ठेवायच्या तर प्रत्येकाला पुढून अगाडी आणि मागच्या पायांना पिछाडी बांधूनच ठेवाव्या लागतात. इंग्रजी फौजेने घोडदळात आणि तोफखान्यात खच्ची घोडे आणि घोड्या एकत्र चालवल्या, कारण तोफेला सहा-सहा जनावरं जोडायची तर त्यांत एकही माजलेला नर परवडत नाही.

कोल्हापुरात जोडीचा प्रश्न आला तो चाकांबरोबर. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि स्टेशन ते गाव अशी टांग्यांची ये-जा वाढली. पण टांगा एका घोड्याचा. दोन बमांच्या, म्हणजे बाजूच्या दांड्यांच्या, मध्ये एकच जनावर, त्याला शेजारी नाही. टांगेवाल्याची अडचण जुंपण्यात नसे, उभं राहण्यात असे: माजावर आलेल्या घोडीमागे अंडील घोड्याचा टांगा लागला की नंबर येईपर्यंत ओरडा, खूर आपटणं, कधी बमच मोडणं. दोन घोडे मधल्या दांडीला जुंपायची चैन संस्थानच्या पागेत आणि बड्यांच्या बग्ग्यांत. शाहू महाराजांचा खडखडा सगळ्यांना माहीत असतो तो दलित समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलापुढे थांबायचा म्हणून. पण अशी उघडी, दणकट गाडी तरणे घोडे ओढीला लावायलाही फार उपयोगी. नवखा घोडा एका बाजूला, दुसऱ्या बाजूला मुरलेला. मुरलेला म्हणून शांत घोडी चालते, पण ती माजावर नसेल तेव्हाच, आणि नवखा खच्ची केलेला असेल तरच.

आता खच्ची केल्यानंतरचं. बैलाचा चिमटा घोड्याला चालत नाही. घोड्याला पशुवैद्याने भूल देऊन शस्त्रक्रियाच करावी लागते आणि धनुर्वाताची लस चुकवता येत नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने विहित पद्धतीने केलेलं खच्चीकरण क्रूरतेतून वगळलं आहे. शस्त्रक्रिया झाली म्हणजे त्या दिवसापासून घोडा थंड झाला असं नाही. साठलेलं बीज काही आठवडे जिवंत राहू शकतं, म्हणून महिना-दोन महिने त्याला घोडीपासून लांब ठेवतात. आणि पाचात एखादा घोडा त्यानंतरही घोडीचं मूत हुंगून वरचा ओठ उलटा करतो, मान फुगवतो, अंगावर जायला बघतो. कधी त्यामागे पोटात अडकलेला अंड असतो, तो तपासून घ्यावा. बहुतेकदा मात्र नुसती वागणूक उरलेली असते. असल्या घोड्याशेजारी घोडी द्यायचीच नाही, त्याला खच्ची घोड्याशीच जोडावं.

घोडीची पाळी साधारण 21 दिवसांची, त्यातले 5 ते 7 दिवस माजाचे. दिवस मोठा होऊ लागला की पाळ्या नियमित होतात, आणि कोल्हापुरात ते फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत, म्हणजे नेमके लग्नसराईत. लक्षणं जुंपण्याआधी तबेल्यातच दिसतात: वारंवार थोडं थोडं मूत, शेपटी बाजूला, शेजाऱ्याकडे अंग टाकणं, स्पर्श झाला की किंचाळून लाथ. अशी घोडी दांडीला लावली तर ती शेजाऱ्यावर रेलते, ओढ सोडते आणि लाथ झाडताना पाय ओढपट्ट्यावरून किंवा दांडीवरून पलीकडे टाकते. मग दोघं भेदरतात.

बाकी दिवसांत खच्ची घोडा आणि घोडी ही जोडी चांगलीच चालते. आमच्या मते दोन घोड्यांपेक्षा सरस, कारण दोघांत पुढे राहण्याची चुरस कमी. जमवताना लिंगाआधी उंची आणि चाल पाहावी. दोन बोटांचा फरक चालतो, त्याहून जास्त नको. रस्ता मधून उंच, कडेला उतरता असतो. म्हणून उंच जनावर डाव्या बाजूला. मुखरी (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) बसवताना घोड्याचे सुळे आठवावेत: नराला ते असतात, घोडीला बहुधा नसतात, त्यामुळे एकाच मापाची मुखरी दोघांच्या तोंडात एकाच जागी बसत नाही. आतला, म्हणजे शेजाऱ्याच्या बाजूचा, लगाम बाहेरच्यापेक्षा सुमारे 12 सेंमी लांब ठेवावा. घोडी शेजाऱ्याकडे तोंड नेते म्हणून तो आखडला तर दोघांची तोंडं आणखी जवळ येतात, मागचं धड बाहेर फेकलं जातं आणि ज्यासाठी केलं तेच वाढतं. ओढपट्टे इतके लांब की मागच्या पायांपासून गाडीची आडवी दांडी हातभर दूर राहील.

जुंपताना दांडीचा पट्टा (घोड्याला मधल्या दांडीशी जोडणारा) आधी, मग बाहेरचा ओढपट्टा, शेवटी आतला. सोडताना बरोबर उलट. दांडीचा पट्टा आधी सोडला तर गाडी थोपवणारं काही राहत नाही, ती पायांवर येते. पाय अडकलाच तर आधी दोघांच्या तोंडाशी माणूस, मग ओढपट्टा ढिला, चाबूक बाजूलाच.

उत्तेजित जनावर आवरायला पूर्वी काटेरी मुखरी सर्रास घालत. ओझी वाहणाऱ्या जनावरांच्या 1965 च्या नियमांनी तिला मनाई केली. दिवसाला 9 तास, सलग 5 तास ही मर्यादाही त्याच नियमांतली, आणि 37 अंशांवर पारा गेला तर दुपारी 12 ते 3 जुंपणं बंद. मग चुकीची जोडी बळाने दाबून नेण्याची सोय उरली नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांच्या मौजफेऱ्या 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. आज कोल्हापुरात दोन घोडे एका दांडीला दिसतात ते बहुधा वरातीच्या बग्गीला.

तिथं जुना प्रश्न नव्या रूपात येतो: आठ दिवस तबेल्यात उभी जोडी, पूर्ण चंदी (दाण्याचा खुराक), आणि एकदम हलगी-बँडच्या पुढे दोन तास. रिकाम्या दिवसांत चंदी निम्मी करून गवत-कडबा वाढवावा, नाहीतर कामाच्या पहिल्याच तासात पुठ्ठ्याचे स्नायू ताठ होतात आणि जनावर जागचं हलत नाही. घोडीच्या माजाचा पहिला दिवस कॅलेंडरवर टिपून 21 दिवस पुढे मोजावेत आणि सुपारी घेताना ते कॅलेंडर समोर ठेवावं. त्या आठवड्यात वरात आलीच तर तिच्या जागी दुसरा खच्ची घोडा.