झाडपाला (शेळ्या-मेंढ्यांचा चारा)

झाडे व झुडपे यांची पाने, कोवळे शेंडे, फुले आणि शेंगा यांचा शेळ्या-मेंढ्यांच्या आहारातील वापर. पावसाळ्यात गवत पुरते. दिवाळीनंतर माळ वाळतो. फाल्गुनापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या अवर्षणप्रवण पट्ट्यात हिरवे काही उरते ते झाडावरच. त्यामुळे पाल्याला टंचाईतला चारा म्हणण्याची पद्धत पडली. शेळीपुरते तरी हे खरे नाही. गवत आणि पाला दोन्ही समोर असले, तरी ती आधी पाल्याकडे वळते.

शेळीचा वरचा ओठ हलता आणि जीभ चपळ असते. बाभळीच्या फांदीवर काट्यांच्या जोड्यांमधली बारीक पाने ती ओठांनी चाचपून नेमकी ओरबाडते. मागच्या पायांवर उभी राहून, पुढचे पाय खोडाला टेकवून ती डोक्यावरच्या उंचीचा पालाही खाते. एका झाडाला चार तोंडे मारून पुढच्या झाडाकडे जाण्याची तिची सवय तिच्या फायद्याचीच आहे, कारण कुठल्याच एका पाल्यातले अपायकारक द्रव्य फार पोटात जात नाही. मेंढी मुख्यतः मान खाली घालून चरणारी. तिच्या तोंडाशी पाला माणसाला आणावा लागतो. धनगर मेंढपाळ त्यासाठी आकडी वापरतात. लांब बांबूच्या टोकाला विळ्यासारखे वाकडे पाते बांधलेले असते. ते डहाळीत अडकवून झटका दिला की डहाळी खाली येते. मेंढ्या पाला साफ करतात, उरलेल्या काटेरी फांद्या कुंपणाला किंवा चुलीला जातात.

उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा पिकून गळू लागल्या की कळप हाकावा लागत नाही, तो आपणच झाडाखाली धावतो. शेंगांचा गर पचतो. कठीण बिया मात्र रवंथ करताना बाहेर टाकल्या जातात किंवा लेंडीतून पडतात. अशा बियांचे कवच मऊ झालेले असल्याने त्या चांगल्या उगवतात, म्हणून रोपवाटिकेसाठी त्या शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करण्याची जुनी रीत आहे. वेडी बाभूळ मात्र याच सवयीचा फायदा घेऊन पसरली आहे. तिच्या पाल्याला शेळी सहसा तोंड लावत नाही, पण गोड शेंगा आवडीने खाते आणि बी दूरवर नेऊन टाकते.

प्रदेशागणिक पाल्याची झाडे बदलतात. देशावर बाभूळ, हिवर, बोर, कडुनिंब, शेवरी, खानदेशाच्या कोरड्या जंगलांत अंजन, कोकणात फणस. वड, पिंपळ, उंबर हे बहुतेक ठिकाणी चालतात. विड्याच्या पानमळ्यात वेलीला आधार म्हणून शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा लावतात. त्यांची छाटणी झाली की पाला शेळ्यांच्या वाट्याला येतो. राजस्थानात शमी, म्हणजे तिकडची खेजडी, थंडीत छाटून तिचा पाला वाळवून साठवतात. टोंक जिल्ह्यातील अविकानगर येथे 1962 साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने मेंढ्यांसाठी महारुखाच्या पाल्याचा पुरस्कार केला. युरोपातही एल्म व अ‍ॅश या झाडांच्या डहाळ्या वाळवून हिवाळ्यासाठी ठेवण्याची प्रथा फार प्राचीन आहे.

ज्वारीच्या कडब्यात प्रथिने जेमतेम 3-4 टक्के असतात. बहुतेक झाडपाल्यात ती कोरड्या वजनाच्या 10 ते 25 टक्के भरतात. शेवरी, हादगा, सुबाभूळ ही शेंगवर्गीय झाडे वरच्या टोकाला येतात. पाल्यात कॅल्शियम भरपूर, फॉस्फरस कमी. म्हणून जोडीला गव्हाचा कोंडा दिलेला बरा. 30 किलोच्या शेळीला दिवसाला सुमारे एक किलो कोरडा चारा लागतो. ओल्या पाल्यात तीन-चतुर्थांशापर्यंत पाणीच असल्याने निव्वळ हिरव्या पाल्यावर ही भूक भागवायला तो चार किलोपर्यंत लागेल. व्यवहारात अर्धा कडबा, भुसकट आणि अर्धा पाला हे परवडते. पाला जमिनीवर टाकू नये, जुड्या बांधून शेळीच्या तोंडाच्या उंचीवर टांगावा. पायाखाली आलेला, मुताने भिजलेला पाला ती उपाशी राहील पण खाणार नाही. शिवाय जंतांच्या अळ्या असतात गवताच्या बुडाशी. वरचा पाला खाणाऱ्या जनावराच्या पोटात त्या कमी जातात.

बाभूळवर्गातील पाल्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असते. ते थोडे असले तर प्रथिने कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, वाया न जाता पुढे आतड्यात पोचतात. जास्त झाले तर प्रथिने बांधली जातात, तोंड तुरट होऊन खाणेही घटते. शेळी हे मेंढीपेक्षा बरेच सहन करते.

सुबाभळीची गोष्ट वेगळी आहे. मूळच्या मध्य अमेरिकेतील या झाडाचा महाराष्ट्रात 1970 च्या दशकापासून मोठा प्रसार झाला. त्यात उरळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी उभारलेल्या बाएफ या ग्रामविकास संस्थेचा वाटा मोठा. सुबाभळीच्या पानांत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. नुसता तोच पाला दिला की लोकर व केस गळतात, गलगंड होतो. ऑस्ट्रेलियात गुरे यामुळे आजारी पडत, हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात दाखवून दिले, की हा शेळीचा गुण नसून तिच्या कोठीपोटातील जीवाणूंचा आहे. ते जीवाणू ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात सोडल्यावर त्यांनाही पाला पचू लागला. यांतील एका जीवाणूला पुढे जोन्स यांच्यावरून सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळाले. तरीही सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नये, हा सर्वसाधारण सल्ला.

कण्हेर जीवघेणी आहे. तिची थोडी पानेही हृदय बंद पाडतात. घाणेरीने यकृत बिघडून कावीळ होते आणि उन्हात कान व तोंड सुजते. वाटेवरच्या भुकेल्या कळपात हे जास्त दिसते. ओढ्याकाठच्या बेशरमीची शेळीला चटक लागते. मग ती दुसरे काही खाईना होते, मान थरथरते आणि चाल लटपटते.

पाल्यावरून शेळी आणि जंगल यांचे वैर जोडले जाते. हिवरे बाजारसारख्या आदर्श गावांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली आणि डोंगर हिरवे झाले, हे खरे. पण रोपे खुडणारी मोकाट शेळी आणि शेंड्याकडचा तिसरा हिस्सा राखून केलेली छाटणी यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. नीट छाटलेले झाड पुन्हा फुटते, वर्षानुवर्षे पाला देते. बंदिस्त शेळीपालनात हा पाला बांधावरच पिकवतात: शेवरी, हादगा, सुबाभूळ. सुबाभूळ कमरेइतक्या उंचीवर कापली की दीड-दोन महिन्यांत पुन्हा कापणीला येते. कापणी लांबवून शेंगा धरू दिल्या तर बी शेतभर पडते आणि पुढे कित्येक वर्षे तिची रोपे उपटत बसावे लागते.