व्हिडिओ मध्येच थांबतो तेव्हा

बंद खोलीत फ्रीजचं दार सताड उघडं ठेवलं आणि फ्रीज चालूच राहू दिला, तर तासाभराने खोली थंड होईल, गरम होईल की आहे तशीच राहील? पुढची ओळ वाचण्याआधी मनाशी एक उत्तर पक्कं करा. हाताशी कागद असेल तर कारणही एका वाक्यात लिहा.

हा प्रश्न मी एसवायच्या (पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या) मुलांना उष्मागतिकीच्या व्हिडिओत चौथ्या मिनिटाला विचारते. विचारून झालं की व्हिडिओ थांबतो आणि खालची चौकट भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. बहुतेक मुलं 'थंड होईल' असं लिहितात. गेल्या वर्षी एका मुलीने लिहिलं, "आमच्या दुकानातल्या फ्रीजच्या मागे मी पावसाळ्यात ओढण्या वाळत घालते. मागून गरम झळ येते. म्हणून खोली गरम होईल." तिचं बरोबर आहे. फ्रीज आतली उष्णता उपसतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. दार उघडं असलं की तो खोलीतलीच उष्णता पुढून घेतो, मागून खोलीतच सोडतो, आणि कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेचीही अखेर उष्णताच होऊन तिची वर भर पडते. एवढं स्पष्टीकरण पुढच्या मिनिटात येतं. 'थंड होईल' लिहिलेली मुलं ते कान देऊन ऐकतात, कारण त्यांनी स्वतःचं एक उत्तर आधीच देऊन ठेवलेलं असतं.

हा प्रश्न आधी मी कुठे विचारत होते? कुठेच नाही. मार्च २०२०मध्ये कॉलेज बंद झालं आणि आम्ही सगळ्यांनी जे केलं तेच मी केलं. पीपीटी उघडली, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि वर्गातला पूर्ण तास रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवला. ४८ मिनिटं. मुलांना लिंक पाठवली. आठवड्याने त्या व्हिडिओचा आलेख पाहिला. कितव्या मिनिटापर्यंत किती जण टिकले, हे तिथे दिसतं. सातव्या मिनिटाच्या आसपास रेघ उतरणीला लागली होती आणि विसाव्याच्या पुढे जवळजवळ तळाला टेकली होती. मी ते नेटवर्कवर ढकललं. डोंगराकडच्या गावांमधून येणारी आमची मुलं, रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसायची, त्यामुळे ते कारण खोटंही नव्हतं. पण रेंज परत आली, मुलं वर्गात परतली, तरी व्हिडिओंचे आलेख तसेच राहिले.

त्या दोन वर्षांत प्राध्यापकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षणांचा पाऊस पडला. मीही अशी पाच-सहा प्रशिक्षणं, म्हणजे एफडीपी, केली. गुगल क्लासरूम कशी उघडायची, फॉर्म कसा करायचा, स्क्रीन कशी रेकॉर्ड करायची, हे सगळं शिकवलं गेलं आणि ते उपयोगी पडलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुखरी बाजू वेगळी होती. कुठलं बटण दाबायचं हे आम्हाला कळलं. ते दाबल्यावर समोरच्या मुलाच्या डोक्यात काय होतं, हा विषय फारसा निघालाच नाही. आणि त्या विषयावर विज्ञानाकडे सांगण्यासारखं बरंच आहे.

आधी त्या सातव्या मिनिटाबद्दल. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये 'एडेक्स' या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांमधली, व्हिडिओ पाहण्याची तब्बल ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, मधला विद्यार्थी (निम्मे त्याच्याहून कमी टिकणारे, निम्मे जास्त) फार तर ६ मिनिटं टिकत होता. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. वर्गातलं व्याख्यान रेकॉर्ड करून नंतर त्याचे तुकडे पाडले तर ते तुकडे छोटे असूनही फिके पडतात. लिहीत-लिहीत, आकृती काढत-काढत समजावणारा हात मुलांना जास्त धरून ठेवतो. म्हणजे नुसती कात्री लावून भागत नाही.

का भागत नाही, ते मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. आपण नवं काही ऐकतो तेव्हा ते आधी कार्यस्मृतीत येतं. ही जागा फार अपुरी असते. एका वेळी चारेक नव्या गोष्टी तिथे जेमतेम मावतात, आणि त्यांना कशाशी तरी जोडलं नाही तर त्या काही सेकंदांत निसटतात. वर्गात हे आपोआप सांभाळलं जातं. फळा पुसायला आपण थांबतो, मागच्या बाकावरचा कोणीतरी "मॅडम, परत एकदा" म्हणतो, बाहेरून ट्रक जातो. या सगळ्या फटींमध्ये मुलांचं मन ऐकलेलं जागच्या जागी लावत असतं. रेकॉर्डिंग करताना आपण ती प्रत्येक फट काळजीपूर्वक बुजवतो. त्यात पीपीटीवर परिच्छेद लिहून तोच मोठ्याने वाचला, तर अडचण वाढते. डोळे एका वेगाने वाचतात, कान दुसऱ्या वेगाने ऐकतात, आणि एकाच शब्दांसाठी दोघांची ओढाताण होते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांनी अनेक वर्षं हे प्रयोगांनी तपासलं आहे. आकृतीसोबत आवाज असावा. तोच मजकूर पुन्हा पडद्यावर नको.

आता व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारण्याकडे येऊ. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले. काही एकदा वाचले आणि मग कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. काय चुकलं हे त्यांना सांगितलं गेलं नाही. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं फिरलं. दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, एकदा वाचून आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. आठवण्याचे कष्ट हीच शिकण्याची क्रिया आहे, परीक्षा म्हणजे केवळ मोजपट्टी नव्हे, हे त्यातून ठसठशीत पुढे आलं. आपल्याकडे पाढे रोज म्हणून घेणाऱ्या गुरुजींना हे प्रयोगाविनाच ठाऊक होतं.

व्हिडिओच्या बाबतीत हेच करून पाहिलं हार्वर्डमध्ये कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी, २०१३मध्ये. संख्याशास्त्रावरचं २१ मिनिटांचं ऑनलाइन व्याख्यान त्यांनी चार भागांत तोडलं. एका गटाला प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली, दुसऱ्यांना नाही. मध्येच विचारलं, आत्ता तुमचं मन कुठे आहे? चाचणी नसलेल्यांचं मन साधारण ४० टक्के वेळा भलतीकडे भटकलेलं होतं. चाचणी असलेल्यांमध्ये हे प्रमाण निम्म्यावर आलं. त्यांनी नोट्सही कितीतरी जास्त काढल्या. पुढे काहीतरी विचारणार आहेत, एवढ्या अपेक्षेनेच लक्ष बांधलं गेलं.

हे सगळं प्राध्यापकांपर्यंत पोचवण्याचा एक मनापासून केलेला प्रयत्न आपल्या पवईत झाला आहे, आणि त्याबद्दल आपल्या स्टाफरूममध्ये फार कमी बोललं जातं. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने हजारो अभियांत्रिकी शिक्षकांना एकाच वेळी शिकवणाऱ्या कार्यशाळा झाल्या. व्याख्यान पवईतून थेट प्रक्षेपित व्हायचं, आणि प्रात्यक्षिकं देशभरातल्या केंद्रांवर, आधी तयार केलेल्या स्थानिक समन्वयकांच्या देखरेखीखाली व्हायची. पुढे तिथल्याच प्रा. सहना मूर्ती, प्रा. श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात व्हिडिओची घडणच बदलली. त्यांच्या प्रत्येक छोट्या व्हिडिओत एक 'रिफ्लेक्शन स्पॉट' असतो. शिकवणारे मध्येच थांबून म्हणतात, आता व्हिडिओ थांबवा, हे करून पाहा, उत्तर लिहा, मग पुढे चला. परत आल्यावर ते संभाव्य उत्तरांबद्दल बोलतात. हा अभ्यासक्रम करणारा प्राध्यापक आधी स्वतः विद्यार्थी म्हणून अडतो, लिहितो, चुकतो. प्रश्नाची जागा कशी निवडायची हे त्याला सांगावं लागत नाही, ते अंगवळणी पडतं. प्रशिक्षण असंच असावं, असं माझं ठाम मत आहे. पोहण्यावरची पीपीटी पाहून कुणी पोहायला शिकत नाही.

साधनांची म्हणाल तर आज वाण नाही. दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे उच्च शिक्षणाचे कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४पासून दिसू लागले, तेव्हा ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसणं हाच एक मार्ग होता. आता २००३मध्ये सुरू झालेलं आयआयटींचं व्हिडिओ-व्याख्यानांचं 'एनपीटेल' आहे, जुलै २०१७पासून सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं 'स्वयम' आहे, पदव्युत्तर विषयांसाठी 'ई-पीजी पाठशाला' आहे, नियतकालिकं आणि ई-पुस्तकांसाठी गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'चं 'एन-लिस्ट' आहे. 'स्वयम'च्या प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग ठरलेले असतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वतःला तपासण्याच्या चाचण्या आणि चर्चा. आराखडा उत्तम आहे. मात्र मी केलेल्या अभ्यासक्रमांमध्ये मेहनतीचा मोठा वाटा व्हिडिओवर खर्च झालेला दिसला आणि चाचणी आठवड्याच्या शेवटी, चार पर्यायांतून एक निवडण्यापुरती उरली. वर पाहिलेलं संशोधन मात्र नेमकं या दुर्लक्षित तिसऱ्या भागाच्या बाजूने बोलतं.

दोन साधनांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ती मी रोज वापरते. पहिलं, आयआयटी मुंबईचे प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभं केलेलं 'स्पोकन ट्युटोरियल'. साधारण दहा मिनिटांचे हे धडे संगणकाची खुली सॉफ्टवेअरं शिकवतात आणि त्यांचा आवाज मराठीतही मिळतो. अर्ध्या पडद्यावर धडा ठेवायचा, अर्ध्यावर सॉफ्टवेअर. एक पायरी पाहायची, थांबवायचं, ती स्वतः करायची. इथे थांबणं धड्याच्या रचनेतच आहे. दुसरं, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातलं 'फेट', भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२मध्ये सुरू केलेलं. यातल्या हलत्या-चालत्या प्रतिकृती फुकट आहेत, अनेक मराठीतही आहेत. वायूचे रेणू डब्यात सोडून डबा आक्रसला तर दाब किती वाढेल, याचा आधी अंदाज लिहायला लावते आणि मगच पंप हलवायला देते. अंदाज न लिहिता दिलं तर मुलं दोन मिनिटं रंगीत ठिपके उडवतात आणि कंटाळतात.

एका गोष्टीची मात्र प्रत्येक शिक्षकाने तयारी ठेवावी. मुलांना हे सुरुवातीला आवडत नाही. "मॅडम, तुम्ही सलग सांगा ना, ते जास्त समजतं," हे मी वर्षातून दहा वेळा ऐकते. हार्वर्डच्या लुई डेलोरियर आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांत नेमकं हेच मोजलं. काही मुलांना अनुभवी शिक्षकाचं ओघवतं व्याख्यान मिळालं, काहींना तोच भाग स्वतः धडपडत सोडवायला लावला. धडपडणाऱ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. ओघवतं ऐकताना सगळं समजल्याचा भास होतो. अडखळताना आपल्याला काही येत नाही असं वाटतं. म्हणून सत्राच्या पहिल्याच तासाला मी हा प्रयोग मुलांना सांगते. पूर्वी सांगत नव्हते, तेव्हा त्यांची नाराजी खरी मानून मीही परत सलग बोलू लागले होते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वनस्पतिशास्त्राच्या ज्येष्ठ सहकारी माझ्याकडे आल्या. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचा संकोच. आम्ही रसायनशास्त्राच्या लॅबमधून ब्युरेट स्टँड आणला, त्याच्या क्लॅम्पमध्ये फोन अडकवला आणि फक्त त्यांचे हात दिसतील असा धरला. विषय होता साधं पान आणि संयुक्त पान. तिसऱ्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "आता व्हिडिओ थांबवा. शेवग्याचं एक, नीट ऐका, एकच पान तोडून आणा, आणि फोटो पाठवा." एवढं बोलून त्यांचे हात टेबलावर स्वस्थ राहिले. ती शांतता आम्ही कापली नाही.

संध्याकाळपर्यंत फोटो येत राहिले. बहुतेकांत बोटाच्या पेराएवढं गोलसर हिरवं काहीतरी तळहातावर होतं. भाजी निवडताना आपण जे ओरबाडतो ते. ती पर्णिका, म्हणजे संयुक्त पानाचा एक छोटा भाग. शेवग्याचं पान म्हणजे हातभर लांबीची ती अख्खी शीर, फाट्यांना फाटे फुटलेली, शेकडो पर्णिका मिरवणारी. ओळखायची खूण एकच. पान जिथे फांदीला जोडलेलं असतं त्या बेचक्यात कळी असते, पर्णिकेच्या बुडाशी ती कधीच नसते.

रात्री साडेनऊला शेवटचा फोटो आला. अंगणातल्या फरशीवर फांदीच्या तुकड्यासकट एक अख्खं पान पसरलेलं, शेजारी मापाला स्टीलची पट्टी. बाईंनी मला तो फोटो दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये दाखवला. चष्मा वर करून त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला. बेचक्यातली कळी टाचणीच्या डोक्याएवढी होती, आणि मुलाने तिच्याभोवती पेनाने गोल केला होता.