जेसो आणि मॉडेलिंग पेस्ट : दोन पांढऱ्या डब्यांतला फरक

गेल्या चवथीच्या सुट्टीत भाची आमच्याकडे फोंड्याला राहायला आली होती. मी हाताने कार्डं बनवते, त्या टेबलावरचे जेसो आणि मॉडेलिंग पेस्टचे दोन डबे तिने उघडले, दोन्हींत बोट बुडवलं आणि म्हणाली, "आते, दोन्ही पांढरंच आहे की गो. मग डबे दोन कशाला?"

हसू आलं, कारण हाच प्रश्न न विचारल्यामुळे मी दोनदा तोंडावर आपटले आहे. पहिल्यांदा पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वाड्यातल्या घरांवर दिसतात तशा निळ्या-पांढऱ्या फरशीच्या नक्षीचं स्टेन्सिल आणलं, त्यावरून जेसो फिरवला आणि उचललं तर नक्षीऐवजी पांढरा शिंतोडा. दुसऱ्यांदा कार्डाला आधी एक हात द्यायचा म्हणून जेसोऐवजी मॉडेलिंग पेस्ट फासली. वाळल्यावर वर पेनाने नाव लिहायला गेले, तर निब खरवडत गेली आणि दोन अक्षरांत बसली. दोन्ही वेळा माल चांगला होता, हात चुकीच्या डब्यात गेला होता.

गोंधळ होतो तो उगाच नव्हे. आजचा अ‍ॅक्रिलिक जेसो म्हणजे बारीक खडूची पूड, टायटॅनियमचा पांढरा रंग, अ‍ॅक्रिलिकचा चिकट द्राव आणि पाणी. मॉडेलिंग पेस्ट म्हणजे बहुधा संगमरवराची पूड आणि तोच अ‍ॅक्रिलिकचा द्राव. खडू काय नि संगमरवर काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणून रंग तोच, तो किंचित अमोनियासारखा वासही तोच, आणि वाळल्यावर पाण्याने न निघण्याचा हट्टही तोच. फरक आहे घट्टपणात आणि त्यातून ठरणाऱ्या कामात.

डब्यावरचं लेबल निघालं असेल तर चमचा घालून बघा. ताज्या दह्यासारखं ढळलं, कडा विरघळून सपाट झालं तर तो जेसो. चक्क्यासारखं उभं राहिलं, चमच्याने काढलेलं टोक तसंच टिकलं तर ती पेस्ट. (काही कंपन्या दाट जेसोही विकतात आणि पेस्टला टेक्स्चर पेस्ट, स्ट्रक्चर पेस्ट अशी चार नावं देतात. नावावर जाऊ नका, टोक टिकतं का ते बघा.)

भाचीला मी वेगळ्या वाटेने सांगितलं. चवथीआधी घर रंगवायला घेतलं की रंगारी भिंतीला दोन गोष्टी लावतो. एक प्रायमर, म्हणजे रंग भिंतीला धरून राहावा आणि भिंतीने तो पिऊन टाकू नये म्हणून दिलेला पातळ हात. दुसरी लांबी, म्हणजे खड्डे-चिरा भरायला पत्र्याने ओढलेला दाट लेप. प्रायमरने खड्डा भरत नाही आणि नुसत्या लांबीवर रंग नीट बसत नाही. जेसो हा प्रायमर, पेस्ट ही लांबी. उपमा इथवरच चालते. भिंतीवरची लांबी पॉलिशपेपरने घासून दिसेनाशी करायची असते, कार्डावरची पेस्ट मात्र दिसावी म्हणूनच लावायची. जेसो रंगाचं वागणं बदलतो, पेस्ट उजेडाचं. तिच्या उंचवट्यावर उजेड पडतो, बाजूला सावली पडते आणि सपाट कागद भिंतीसारखा वाटायला लागतो.

जेसो हे नाव इटालियन, मूळ जिप्समच्या शब्दाशी जोडलेलं. पूर्वी लाकडी फळ्यांवर चित्र काढण्याआधी जनावराच्या कातड्याच्या सरसात खडू किंवा जिप्सम कालवून थरावर थर देत. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्नीनीने आपल्या ग्रंथात जाड जेसो आणि बारीक जेसो असे दोन प्रकार नोंदवले आहेत; आधी जाडा, मग गुळगुळीत. लाकडी कोरीवकामावर सोन्याचा वर्ख चढवण्याआधीही असाच पांढरा थर देण्याची युरोपीय रीत होती. जुन्या गोव्याच्या चर्चमधल्या सोनेरी वेदी बघताना मला आता वर्खापेक्षा त्याच्या खाली काय असेल याचीच उत्सुकता वाटते. पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक जेसो आला तो १९५५ मध्ये, अमेरिकेत हेन्री लेव्हिसन यांच्याकडून. त्यांनी त्याला लिक्विटेक्स असं नाव दिलं, म्हणजे 'लिक्विड टेक्स्चर'. टेक्स्चर देण्याचं काम पेस्टचं, आणि नाव मिळालं जेसोवाल्यांना! गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली म्हणायची.

आता जेसो कार्डावर काय करतो ते बघू. त्यातल्या खडूच्या कणांमुळे वाळलेला पृष्ठभाग किंचित खरखरीत राहतो, बोट फिरवलं तर जाणवतो. त्या खरखरीवर रंगीत पेन्सिल, पेस्टल, अ‍ॅक्रिलिक चांगलं धरतं. कागदाची पाणी पिण्याची सवय मोडते. म्हणून छापील पानं पार्श्वभूमीला वापरायची असतील तर जेसोला पर्याय नाही. माझं आवडतं पान म्हणजे गेल्या वर्षीचं पंचांग. ते तीनशे जीएसएमच्या, म्हणजे जाड, कार्डावर चिकटवायचं, वर थोडं पाणी घातलेला जेसो रुंद ब्रशने ओढायचा आणि ओला असतानाच कापडाने मधूनमधून पुसायचा. कुठे 'भरणी' वाचता येतं, कुठे नुसता आकडा, कुठे काहीच नाही. धुक्यातून वाचल्यासारखं. वर जलरंगाचा हात दिला तर कागदाच्या आत शिरत नाही, वरच थबकतो. ओल्या टिश्यूने टिपला की पुन्हा पांढरं उघडं पडतं. साध्या कागदावर ही चैन नाही.

पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग लावला तर चालेल का, असंही लोक विचारतात. झाकायला चालेल, पण त्याचा थर गुळगुळीत आणि बंद असतो, पेन्सिल त्यावरून घसरते. आणि रंगात जेसो मिसळला की रंग खडूसारखा फिका आणि कोरडा होतो. कधी तसाच फिका रंग हवा असतो, पण तो ठरवून, पांढऱ्या रंगाऐवजी म्हणून नव्हे.

एक सूचना पुस्तकात क्वचित सापडते. कार्डाच्या एकाच बाजूला जेसो दिला की वाळताना ते पापडासारखं वळतं. मागच्या बाजूलाही एक पातळ हात द्यायचा, मग रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवायचं, मध्ये बटर पेपर घालून.

पेस्टचं शास्त्र वेगळं आणि तिथेच खरी मजा आहे. स्टेन्सिल मास्किंग टेपने घट्ट चिकटवायचं, पेस्ट पॅलेट नाइफने किंवा बाद झालेल्या एटीएम कार्डाने एकाच दिशेने ओढायची. पुन्हापुन्हा फिरवलं की ती स्टेन्सिलखाली शिरते. मग स्टेन्सिल सरळ वर उचलायचं, बाजूला सरकवायचं नाही. आणि ते लगेच धुवायचं. वाळलेली पेस्ट पाण्याने निघत नाही. धुण्याआधी कागदाने पुसून घ्या, नाहीतर मोरीचा पाइप एक दिवस संगमरवरी होईल. जाडी हवी असेल तर एकदम न देता पातळ थर वाळवत वाळवत चढवायचे. खूप जाड थर वर आधी वाळतो, आत ओला राहतो आणि मग चिरतो. कार्डाच्या घडीवर पेस्ट कधीच नको. घडी मोडली की पेस्ट मोडते.

नक्षी वाळली की रंगाची चव येते. पातळ केलेला रंग वरून सोडला की खोलगट भागात साचतो, मग उंचवट्यावरून ओल्या फडक्याने पुसायचा. आमच्या कौलांवर पावसाळ्यात शेवाळ जसं सांध्यांत साचतं तसं दिसतं. रंग आधीच पेस्टमध्ये कालवला तर तो फिकाच पडणार, कारण पेस्ट मुळात पांढरी. गडद हवा असेल तर वाळल्यावरच रंगवा. पेस्टमध्ये वाळू मिसळायची हौस असेल तर ती गोड्या पाण्याने दोनतीनदा धुऊन उन्हात वाळवून घ्या. समुद्राच्या वाळूतलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं. शिंपले चिकटवतानाही तेच.

ओलीवरून आठवलं. परदेशी सूचनांत लिहिलेलं असतं, "जेसो वीस मिनिटांत सुकतो, पेस्ट तासाभरात." जानेवारीत हे खरं असेल. पणजीला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. अ‍ॅक्रिलिक सुकतं ते पाणी उडून गेल्यावर, आणि हवाच पाण्याने भरलेली असेल तर ते उडून जाणार कुठे? पावसात जेसोला मी अर्धा दिवस देते, पेस्टला एक रात्र आणि दुसरा दिवस. घाई करून हीट गन धरली तर जेसो निभावून नेतो, पेस्ट मात्र फसवते. वरचा पापुद्रा आधी धरतो, आतली वाफ अडकते आणि नक्षीवर पुरळ येते. पंखा बरा.

घरी बनवलेल्या मिश्रणांबद्दलही इथेच सांगून टाकते. सुतारकामाचा पांढरा गोंद, टाल्कम किंवा खडूची पूड आणि थोडा पांढरा रंग घोटून दोन्हींची नक्कल करता येते. पातळ ठेवलं तर जेसो, दाट ठेवलं तर पेस्ट. शाळेच्या प्रकल्पाला ठीक आहे. पण तो गोंद ओलीने मऊ पडतो, आणि जुलैत कार्ड हाताळलं की बोटांना चिकटतं. ज्याला भेट द्यायची त्याच्याकडे ते वर्षभर टिकावं असं वाटत असेल तर निदान पेस्ट तरी विकतची घ्या.

दोन्ही एकत्र वापरायची तर क्रम उलटसुलट चालतो आणि नेमका तिथेच फरक कळतो. लेस, बटणं, शिंपले, पेस्टची नक्षी असं सगळं कार्डावर चढवलं की ते भंगारवाल्याच्या टोपलीसारखं दिसतं. मग सगळ्यावरून जेसोचा एक हात. सगळं एकाच पांढऱ्यात आलं की वस्तू दिसेनाशा होतात, नुसते आकार उरतात, आणि वरचा रंग सगळीकडे सारखा बसतो. इथे जेसो शेवटी आला. कावी या गोव्याकडच्या जुन्या भिंतीवरच्या नक्षीच्या पद्धतीने केलं तर मात्र तो आधी येतो. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात कावीकला बघितली असेल तर लक्षात येईल. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. कार्डावर तेच. आधी जेसोचे दोन हात, पूर्ण वाळवून. वर तांबडी-तपकिरी पेस्ट, पातळ. ती पेस्ट फिकी पडते म्हणून रंग सढळ हाताने घालायचा. दहा मिनिटांनी, पेस्ट बोटाला चिकटेनाशी झाली पण आत मऊ आहे अशा वेळी, विणायच्या सुईने वेल कोरायची. खाली जेसो नसेल तर सुई सरळ कागद फाडते.

मोठ्या कार्डावर हे सगळं जमतं. आर्टिस्ट ट्रेडिंग कार्डावर हिशेब बदलतो. १९९७ मध्ये झुरिकच्या एम. व्हॅन्ची श्टिर्नेमान यांनी सुरू केलेला हा प्रकार, अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे पत्त्याएवढा. विकायचा नाही, अदलाबदल करायची. एवढ्याशा जागेत मिलिमीटरभर पेस्टही चिऱ्याच्या गडग्यासारखी वाटते. स्टेन्सिलची एखादीच पाकळी बसते आणि फुलाचा पत्ता लागत नाही. म्हणून छोट्या कामात मी नव्वद टक्के जेसोच वापरते आणि पेस्ट फक्त एका कोपऱ्यात, टूथपिकने, तांदळाएवढी. शिवाय ही कार्डं प्लॅस्टिकच्या खिशात घालून एकमेकांवर रचतात. ओल्या हवेत अ‍ॅक्रिलिकचे दोन थर समोरासमोर दाबून राहिले की चिकटतात, सुटं करताना नक्षी सोलून निघते.

भाचीने त्या सुट्टीत बारा कार्डं केली. अकरांवर बटर पेपर घातला. बारावं अजून अकराव्याच्या पाठीला आहे.